सिगारेट आणि मल्टिपल स्क्लेरोसिस : नोंदींत पडून राहिलेला एक संबंध

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले ते १८६८ साली, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी दिलेल्या व्याख्यानांतून. आणि सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या जेम्स बॉन्सॅक या तरुणाला मिळाले ते १८८१ साली. या दोन सालांचा क्रम ध्यानात ठेवावा लागतो, कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस या विकाराचा सिगारेटशी संबंध जोडला जाऊ लागला तेव्हा रोग आधीचा आणि सिगारेट नंतरची, ही गोष्ट सर्वांसमोर होतीच. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे याने १८२२ पासून आपल्या दुखण्याची जी दैनंदिनी लिहून ठेवली, तिच्यातील धूसर होणारी आणि पुन्हा सुधारणारी दृष्टी, लटपटणारे पाय आणि वर्षागणिक वाढत गेलेले पंगुत्व वाचून आजचे तज्ज्ञ याच रोगाचे निदान करतात. ती दैनंदिनी सुरू झाली तेव्हा यंत्रावरच्या सिगारेटीला अर्ध्या शतकाहून अधिक अवकाश होता. सिगारेट हे या रोगाचे एकमेव कारण असणे शक्यच नव्हते. ती अनेक कारणांपैकी एक आहे काय, हा प्रश्न मात्र उरत होता, आणि तो नीट विचारला जाण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारे दृष्टितंतू यांतील बहुतेक चेतातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते आणि त्या वेष्टनामुळेच संदेश वेगाने इकडून तिकडे जातात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच या वेष्टनावर उलटते, ते जागोजागी नष्ट होते आणि त्या ठिकाणी घट्ट चट्टे पडतात. चट्टा कोठे पडला यावर लक्षण ठरते: कोणाचा एक डोळा एकाएकी अंधुक होतो, कोणाच्या पायांना बधिरता येते, कोणाचा चालताना तोल जातो, कोणाचा लघवीवरचा ताबा सुटतो, आणि थकवा तर जवळपास सर्वांच्याच वाट्याला येतो. बहुसंख्य रुग्णांत आरंभी झटका येतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. पुढे कित्येकांच्या बाबतीत झटके विरळ होऊन पंगुत्व मात्र संथपणे वाढत राहते, आणि या उत्तरार्धाला दुय्यम प्रगामी अवस्था असे म्हणतात. रोग सहसा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक प्रमाणात होतो. हा शेवटचा तपशील पुढील इतिहासात वारंवार उपयोगी पडणार आहे.

कारणांविषयी शार्को यांच्याजवळ सांगण्यासारखे फारसे नव्हते. थंडी आणि ओल, दीर्घ दुःख, मानसिक आघात अशी त्या काळी कोणत्याही अनाकलनीय दुखण्याला लावली जाणारी कारणे त्यांनीही नमूद केली, आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी संसर्गावर बोट ठेवले. तंबाखूचा संशय कोणाला आला नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही, कारण साल्पेत्रिएर हे मुख्यतः निर्धन आणि वृद्ध स्त्रियांचे रुग्णालय होते आणि त्या काळच्या युरोपात धूम्रपान हा पुरुषांचा व्यवहार मानला जात होता.

तंबाखूच्या वापराची तोपर्यंतची रीतही वेगळी होती. तपकीर नाकात ओढली जाई, पाने चघळली जात, पाइप आणि चिरूट यांचा धूर बहुधा तोंडातच घोळवला जाई. हा धूर अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात शोषले जाते आणि तो छातीत ओढू गेल्यास ठसका लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या शेतकऱ्यांनी तंबाखूची पाने बंद कोठारात टांगून, बाहेरच्या भट्टीची उष्णता धातूच्या नळ्यांतून आत खेळवून ती वाळवण्याची पद्धत बसवली. या पद्धतीने पान पिवळे होते, त्यातील साखर टिकून राहते आणि त्याचा धूर किंचित आम्लधर्मी, सौम्य बनतो. अशा धुरातील निकोटिन तोंडात फारसे शोषले जात नाही. तो खोल ओढला तरच नशा चढते, आणि सौम्य असल्यामुळे तो खोल ओढता येतो. तंबाखूच्या प्रवेशाचा मार्ग तोंडाकडून फुप्फुसाकडे वळला तो येथे. सिगारेटच्या इतिहासात जाहिरातींना आणि यंत्राला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे या कोठारांना दिले जात नाही. प्रस्तुत विषयापुरते तरी ते द्यायला हवे.

यंत्राने प्रसाराचे काम केले. हाताने सिगारेट वळणारा कुशल कामगार दिवसाला दोन-तीन हजार नग तयार करी. डरहॅमच्या जेम्स ड्यूक यांनी १८८४ च्या सुमारास आपल्या कारखान्यात बसवलेले बॉन्सॅकचे यंत्र दहा तासांच्या पाळीत सुमारे एक लाख वीस हजार सिगारेटी बाहेर टाकत असे. पहिल्या महायुद्धात सिगारेट सैनिकांच्या शिध्यात आली आणि युद्धानंतर पुरुषांची सवय सार्वत्रिक झाली. उरलेली अर्धी बाजारपेठ स्त्रियांची होती. १९२९ साली ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर काही तरुणींनी मिरवणुकीत चालताना सिगारेटी पेटवल्या. हा देखावा अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेझ यांनी घडवून आणला होता आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली असे नाव देण्यात आले होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश सिगारेट ओढत होत्या, आणि १९६८ साली फिलिप मॉरिस कंपनीने केवळ स्त्रियांसाठी व्हर्जिनिया स्लिम्स ही वेगळी सिगारेटच बाजारात आणली.

दरम्यान सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर १९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे आणि अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हार्ट्स ग्रॅहम यांचे निबंध प्रसिद्ध झाले होते. पुढच्याच वर्षी डॉल आणि हिल यांनी ब्रिटिश डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून त्यांच्या सवयींची नोंद केली आणि पुढे दशकानुदशके त्यांच्या मृत्यूंचा मागोवा घेतला. धूम्रपानाच्या दुष्परिणामांवरील हा सर्वांत नामांकित अभ्यास. परंतु त्याचे मुख्य निष्कर्ष चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांवर आधारलेले होते आणि मोजमाप मृत्यूचे होते. ज्या रोगाच्या रुग्णांत स्त्रिया अधिक आणि जो माणसाला मारण्यापेक्षा वर्षानुवर्षे पंगू करून ठेवतो, तो रोग अशा जाळ्यात सापडणे कठीण होते.

मज्जाविकारतज्ज्ञांचे लक्षही दुसरीकडेच होते. विषुववृत्तापासून दूर जावे तसे मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण वाढते असे दिसून आल्यामुळे युद्धोत्तर काळातील बहुतेक अभ्यास अक्षांश, हवामान, स्थलांतर आणि बालपणातील एखादा विषाणू यांभोवती फिरत राहिले. स्थलांतराचा प्रश्न अभ्यासण्यास इस्राएल हा आदर्श देश ठरला, कारण तेथे युरोप, आशिया आणि आफ्रिका अशा तिन्ही खंडांतून आलेली कुटुंबे एकाच देशात, एकाच आरोग्यव्यवस्थेखाली राहत होती. ॲरन अँटोनोव्हस्की, उरी लायबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील रुग्णांची आणि निरोगी माणसांची तुलना करताना शेकडो गोष्टी विचारल्या. त्यांत रोग सुरू होण्यापूर्वी धूम्रपान होते काय, हाही एक प्रश्न होता. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण रुग्णांमध्ये काहीसे अधिक असल्याची नोंद आहे. तीवर कोणी थांबले नाही. स्वतः अँटोनोव्हस्की पुढे वेगळ्याच विषयासाठी, म्हणजे संकटांतूनही माणसे निरोगी कशी राहतात या प्रश्नाच्या मांडणीसाठी, जगभर ओळखले गेले.

योगायोग असा की त्याच वर्षी ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दिलेल्या व्याख्यानात, दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर त्यांत कार्यकारणभाव आहे असे कधी मानावे, याच्या नऊ कसोट्या मांडल्या. संबंध किती बळकट आहे, तो वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा आढळतो काय, कारण परिणामाच्या आधी घडले काय, मात्रा वाढवली तर परिणाम वाढतो काय, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो पटण्याजोगा आहे काय, या त्यांतील महत्त्वाच्या. इस्राएलची नोंद यांतील पहिल्याच कसोटीला अडखळत होती. भरपूर सिगारेटी ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता न ओढणाऱ्यांच्या दहा ते वीस पट असते, आणि एवढा फरक काही शे रुग्णांतही उघड दिसतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत तो फरक दीडपटीच्या आसपासचा निघणार होता. लाखात काही डझन लोकांना होणाऱ्या रोगात दीडपट हा फरक लहान गटात योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. शिवाय रुग्णाला निदानानंतर मागच्या सवयी विचारण्याच्या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे: रोगाच्या पहिल्या मुंग्या कधी आल्या हे रुग्णालाच सांगता येत नाही, आणि आजारी माणूस आपले पूर्वायुष्य निरोगी माणसापेक्षा अधिक बारकाईने चाळतो. त्यामुळे पुढील पंचवीस वर्षांत असे जे काही छोटे अभ्यास झाले, त्यांतील काहींनी संबंध दाखवला, काहींनी नाकारला, आणि विषय होता तेथेच राहिला.

तो पुढे सरकला तो गर्भनिरोधक गोळीमुळे. १९६० च्या दशकात ही गोळी लाखो निरोगी तरुण स्त्रिया घेऊ लागल्या आणि तिने रक्तात गुठळ्या होतात अशी शंका येताच तिच्या दीर्घकालीन परिणामांची चौकशी आवश्यक झाली. ब्रिटनमध्ये १९६८ साली एकाच वेळी दोन मोठे पाठपुरावा अभ्यास सुरू झाले. पाठपुरावा अभ्यास म्हणजे निरोगी माणसांचा गट आधी निवडून, त्यांच्या सवयी आधीच लिहून ठेवून, नंतर कोणाला काय होते ते वर्षानुवर्षे पाहत राहणे. ऑक्सफर्डच्या मार्टिन व्हेसी यांच्या देखरेखीखालील अभ्यासात कुटुंबनियोजन केंद्रांत येणाऱ्या १७,०३२ स्त्रिया होत्या. रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सच्या अभ्यासात देशभरातील सुमारे चौदाशे डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यांतील सुमारे ४६,००० स्त्रियांची माहिती पुरवली. गोळीचा आणि धूम्रपानाचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येक स्त्री दिवसाला किती सिगारेटी ओढते हे नोंदवणे भागच होते. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी हे काम कोणी केले नव्हते; परंतु गटातील स्त्रिया नेमक्या त्या वयाच्या होत्या ज्या वयात हा रोग होतो, आणि नेमक्या त्या पिढीच्या होत्या जिच्यात सिगारेट ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया भरपूर होत्या.

गोळीमुळे मल्टिपल स्क्लेरोसिस होतो काय, हा प्रश्न या नोंदींना १९९० च्या दशकात विचारला गेला. ऑक्सफर्डच्या गटात तोवर ६३ आणि रॉयल कॉलेजच्या गटात ११४ रुग्ण झाल्या होत्या. गोळीविरुद्ध काहीही निघाले नाही. तक्त्यांच्या दुसऱ्या ओळीत मात्र असे दिसले की दिवसाला पंधरा किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या स्त्रियांत हा रोग, न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, ऑक्सफर्ड गटाच्या १९९३ च्या निबंधानुसार १.८ पट आणि रॉयल कॉलेज गटाच्या १९९८ च्या निबंधानुसार १.४ पट आढळतो. दोन्ही आकडे एकएकटे घेतले तर योगायोगाची शक्यता वगळता येत नव्हती, आणि लेखकांनी तसे प्रामाणिकपणे लिहिले. पण दोन वेगळ्या गटांतून, सवय आधी नोंदलेली असताना, एकाच दिशेचे उत्तर यावे हे दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते.

अमेरिकेतील परिचारिकांचा अभ्यासही असाच गोळीच्या चौकशीसाठी उभा राहिला होता. फ्रँक स्पायझर यांनी १९७६ साली हार्वर्डमधून तो सुरू केला आणि त्यासाठी परिचारिका निवडल्या, कारण वैद्यकीय प्रश्नांची अचूक उत्तरे त्या पोस्टाने देऊ शकतील असा त्यांचा अंदाज होता, आणि तो बरोबर ठरला. १,२१,७०० परिचारिकांना दर दोन वर्षांनी प्रश्नावली जाऊ लागली. १९८९ साली आणखी सुमारे १,१६,००० तरुण परिचारिकांचा दुसरा गट जोडला गेला. मिगेल एर्नान आणि आल्बेर्तो आशेरिओ यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दोन्ही गटांतील ३१५ रुग्णांचा हिशेब मांडला. कधीच सिगारेट न ओढलेल्या परिचारिकांच्या तुलनेत ओढणाऱ्यांत रोगाचे प्रमाण १.६ पट, तर सवय सोडून दिलेल्यांत १.२ पट होते. मात्रेचा हिशेबही जुळत होता. दिवसाला वीस सिगारेटींचे एक पाकीट याप्रमाणे एक वर्ष म्हणजे एक पाकीट-वर्ष. अशी पंचवीस किंवा अधिक पाकीट-वर्षे भरलेल्यांत प्रमाण १.७ पट होते. हिल यांच्या कसोट्यांपैकी क्रम आणि मात्रा या दोन येथे उतरल्या. दोन वर्षांनी नॉर्वेच्या होर्दालान परगण्यातील चाळिशीच्या सुमारे २२,००० स्त्री-पुरुषांच्या पाहणीत १.८ पट हा आकडा निघाला, आणि संबंध केवळ स्त्रियांपुरता किंवा केवळ अमेरिकेपुरता नाही हेही दिसले. इस्राएलच्या निबंधापासून परिचारिकांच्या निबंधापर्यंत यायला छत्तीस वर्षे लागली, आणि त्यांतील बराच काळ पुरावा फायलींत बंद होता; त्याकडे कोणीतरी वळण्याचीच काय ती वाट होती.

संबंध एकदा मान्य झाल्यावर जुन्या आकडेवारीकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकापासून मल्टिपल स्क्लेरोसिसच्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, आणि तीवरून असे दिसते की पुढील अर्धशतकात नव्या रुग्णांचे प्रमाण स्त्रियांत जवळपास दुप्पट झाले, पुरुषांत मात्र थोडेच वाढले. कॅनडात १९३० च्या दशकात जन्मलेल्या रुग्णांत एका पुरुषामागे सुमारे दोन स्त्रिया होत्या, तर अलीकडे जन्मलेल्यांत तीनहून अधिक. अनुवंश पन्नास वर्षांत बदलत नाही. तेव्हा स्त्रियांच्या जीवनक्रमातच काहीतरी बदलले असले पाहिजे. आशेरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अनेक देशांतील स्त्री-पुरुषांच्या धूम्रपानाच्या आलेखांशी रोगातील या गुणोत्तराचे आलेख ताडून पाहिले आणि दोन्ही बऱ्याच अंशी बरोबरीने चढल्याचे दाखवले. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या मशालींचा हिशेब असा मज्जाविकारांच्या नोंदवहीत निघाला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो आवरता घेणे बरे. त्याच काळात स्त्रियांचे पहिले बाळंतपण उशिरा होऊ लागले, उन्हात वावरणे कमी झाले, वजन वाढले, आणि या प्रत्येक गोष्टीचा या रोगाशी काही ना काही संबंध सांगितला जातो. इराणमध्ये तर स्त्रियांत सिगारेटचे प्रमाण अत्यल्प असूनही गेल्या काही दशकांत तेहरान आणि इस्फहान येथे हा रोग वाढला आहे आणि तेथेही स्त्री रुग्णच बहुसंख्य आहेत.

या संदर्भात मुंबईच्या पारशी समाजाचे उदाहरण विशेष बोलके आहे. झरथुष्ट्री धर्मात अग्नी पवित्र असल्यामुळे अग्यारीतील मोबेद, म्हणजे धर्मगुरू, अग्नीची सेवा करताना आपला श्वास आणि थुंकी त्याला लागू नये म्हणून तोंडावर पदान नावाचा पांढरा पडदा बांधतो. तोंडाने विस्तव ओढणे म्हणजे त्याच अग्नीची विटंबना, या भावनेने धूम्रपान या समाजात परंपरेने निषिद्ध मानले गेले. सर्वांनी हा नियम पाळला असे नव्हे, पण त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो: १९६० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीच्या आधारे डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धर्म आणि धूम्रपान यांचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासला तेव्हा पारशांत या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून कमी आढळले. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यांसह १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पारशांमधील प्रमाण दर लाखामागे सुमारे २६ निघाले, आणि त्या काळी इतर भारतीयांत ते याच्या किती तरी खाली मानले जात होते. कमी धूर ओढणाऱ्या समाजात हा रोग अधिक असावा, याचा अर्थ सिगारेट निर्दोष आहे असा नाही; याचा अर्थ एवढाच की आपापसांतील विवाहांनी शतकानुशतके जपलेला अनुवंश एका पारड्यात ठेवला तर सिगारेटचे पारडे हलके आहे. एखाद्या कारणाचे बळ मोजताना ते कारण ज्यांना लागूच होत नाही अशांकडेही पाहावे लागते, आणि असा गट मुंबईत आयता उपलब्ध होता.

धुरातील नेमका कोणता अंश अपायकारक, याचे उत्तर स्वीडनमधून आले, आणि त्यामागे तेथील एक जुनी सवय होती. स्नूस म्हणजे ओलसर दळलेली तंबाखू. तिची चिमूट किंवा छोटी पुडी वरच्या ओठाखाली, हिरडीला टेकवून ठेवतात, आणि ती चघळत नाहीत की थुंकतही नाहीत. युरोपीय संघाने तिच्या विक्रीवर १९९२ साली बंदी घातली, तेव्हा स्वीडनने १९९५ साली संघात प्रवेश करताना स्वतःपुरती सवलत मागून घेतली, इतकी ती सवय तेथे रुजलेली आहे. स्नूस वापरणाऱ्याच्या रक्तात निकोटिन सिगारेट ओढणाऱ्याइतकेच असते. फरक इतकाच की फुप्फुसात धूर जात नाही. कॅरोलिन्स्का संस्थेतील आना कारिन हेडस्ट्रॉम, लार्स अल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की सिगारेटने मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका वाढतो, स्नूसने वाढत नाही, उलट दीर्घकाळ स्नूस वापरणाऱ्यांत तो कमीच आढळतो. पुढच्या वर्षी स्वीडिश बांधकाम कामगारांच्या नोंदींनी त्याला दुजोरा दिला. या कामगारांची त्यांच्या व्यवसायाच्या आरोग्यसेवेकडून ठरावीक काळाने तपासणी होत असे आणि तीत सिगारेट व स्नूस या दोन्ही सवयी लिहून घेतल्या जात. पावणेतीन लाखांहून अधिक पुरुषांच्या त्या नोंदींत सिगारेट ओढणाऱ्यांत हा रोग १.९ पट निघाला आणि केवळ स्नूस वापरणाऱ्यांत वाढ दिसली नाही. धूळ आणि सिमेंट यांच्या व्याधी शोधण्यासाठी भरलेले तक्ते पुन्हा एकदा दुसऱ्याच रोगाच्या कामी आले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्नूसविषयीचा हा निष्कर्ष एकाच रोगापुरता आहे आणि स्वीडनमध्ये विशिष्ट रीतीने तयार होणाऱ्या तंबाखूपुरता आहे. चुना लावून दाढेखाली धरलेली तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे जे थैमान घातले आहे त्याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि त्यातून कोणी तंबाखूला अभय दिल्याचा अर्थ काढू नये.

निकोटिन दोषी नसेल तर दोष धुरात आणि धूर जेथे पोचतो त्या फुप्फुसात शोधावा लागतो. कॅरोलिन्स्कातीलच लार्स क्लारेस्कोग यांनी २००६ साली संधिवाताच्या संदर्भात असे मांडले होते की धुरामुळे फुप्फुसातील प्रथिनांची रचना बदलते आणि विशिष्ट अनुवंश असलेल्या व्यक्तींत प्रतिकार यंत्रणा त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून त्यांच्यावर, आणि मग सांध्यांवर, चालून जाते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही असेच काही घडत असावे, या अंदाजाला २०११ साली बळ मिळाले. प्रतिकारपेशींना आपले आणि परके ओळखण्यास मदत करणाऱ्या एचएलए या जनुकसमूहातील एक प्रकार या रोगाचा धोका वाढवतो आणि दुसरा एक प्रकार संरक्षण देतो. पहिला अंगी असलेल्या आणि दुसरा नसलेल्या, परंतु सिगारेट न ओढणाऱ्या व्यक्तींत धोका सुमारे पाचपट निघाला. असा अनुवंश नसलेल्या पण सिगारेट ओढणाऱ्यांत तो १.४ पटच होता. आणि दोन्ही एकत्र आले तेथे तो तेरा पटींच्या वर गेला. नुसती बेरीज करून एवढा आकडा येत नाही. सिगारेटचे पारडे सर्वसाधारण लोकसंख्येत हलके का दिसते आणि काहींच्या बाबतीत ते एवढे जड का होते, याचा उलगडा या एका तक्त्याने जितका केला तितका दुसऱ्या कशानेही केला नाही.

पुढच्या वर्षी जर्मनीतील गटिंगन येथील फ्रांचेस्का ओदोआर्दी, अलेक्झांडर फ्ल्यूगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की मायलिनवर उलटलेल्या प्रतिकारपेशी रक्तातून थेट मेंदूत शिरत नाहीत. त्या आधी फुप्फुसात मुक्काम करतात, तेथे त्यांची वागणूक बदलते आणि त्यानंतरच मेंदूचे द्वार ओलांडण्याची क्षमता त्यांना येते. प्रयोग सिगारेटवर नव्हता. परंतु फुप्फुस आणि मज्जासंस्था यांचा काय संबंध, ही जी शंका शरीरशास्त्राच्या अंगाने घेतली जात असे, तिला या मुक्कामाने उत्तर मिळाले.

रोग झाल्यानंतरच्या सिगारेटचा इतिहास याहून सरळ आहे. २००५ साली ब्रिटिश दवाखान्यांच्या नोंदींवरून धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत दुय्यम प्रगामी अवस्था येण्याचा वेग सुमारे साडेतीन पट आढळला, २००९ साली बॉस्टनच्या १,४६५ रुग्णांच्या अभ्यासाने त्याच दिशेचा कौल दिला, आणि २०१५ साली स्वीडनमध्ये असे दिसले की निदानानंतर सवय चालू ठेवल्यास प्रत्येक जादा वर्षामागे ही अवस्था जवळ येण्याची गती ४.७ टक्क्यांनी वाढते. मज्जाविकारतज्ज्ञाने पहिल्याच भेटीत सिगारेटविषयी विचारावे, ही आज रूढ झालेली पद्धत या आकड्यांतून आली.

संशयाला जागा संपूर्ण संपलेली नाही. धूम्रपानाची ओढ वाढवणाऱ्या जनुकांच्या आधारे अप्रत्यक्षपणे तपासणी करणाऱ्या २०२० च्या सुमाराच्या अभ्यासांत हा संबंध ठळकपणे उमटला नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या जीवनक्रमातील अन्य एखादी गोष्ट आकड्यांत मिसळली असावी असे मानणाऱ्यांना त्यामुळे आधार मिळाला. २०२२ साली तर आशेरिओ यांच्याच गटाने अमेरिकी सैन्यातील एक कोटी तरुणांच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने तपासून एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट होतो असे दाखवले. ते नमुनेही मुळात एचआयव्हीच्या तपासणीसाठी घेऊन ठेवलेले होते. बत्तीस पटींच्या शेजारी दीडपट क्षुल्लक वाटते. परंतु हा विषाणू बहुतेक सर्वच प्रौढांच्या शरीरात असतो आणि रोग मात्र त्यांतील फार थोड्यांना होतो, तेव्हा त्या थोड्यांची निवड कशी होते हा प्रश्न उरतोच, आणि अनुवंशासोबत सिगारेटचे नाव त्या ठिकाणी येते. स्वीडनमधील संशोधकांनी त्याच वर्षी केलेल्या हिशेबानुसार तेथील शंभर रुग्णांपैकी सुमारे तेरांचा रोग धूम्रपान नसते तर टळला असता. उरलेल्या सत्त्याऐंशींच्या रोगाचा हिशेब सिगारेटच्या खात्यावर मांडता येत नाही.